मनन, रविवार ११ मे २०२५ : मार्गारीताच्या घरातला मोठा मुलगा

पुनरुत्थान काळातील चौथा रविवार, उत्तम मेंढपाळाचा रविवार
पहिले वाचन : प्रेषितांची कृत्ये १३:१४, ४३-५२
दुसरे वाचन : प्रकटीकरण ७:९, १४-१७
शुभवर्तमान : योहान १०:२७-३०



गुरुवारी रात्री साडेनऊनंतर व्हॅटिकनच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला तेव्हा आमच्या घरी जेवणं अर्धवट राहिली होती. माझी ऑन-कॉलची पाळी होती, त्यामुळे एका बाजूला लॅपटॉप उघडा आणि दुसऱ्या बाजूला मोबाईलवर संत पेत्राचं चौक. नवे पोप लिओ चौदावे सज्जात आले आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा, जो गेल्या वर्षापासून वेदीसेवक आहे, एकदम म्हणाला की मोठेपणी तो फादर होणार. मी हसलो, आणि आधी इंजिनिअर हो, मग बघू, असं सांगून मोकळा झालो. माझी आई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि ताटं उचलायला लागली.

ते पाहणं दोन दिवस डोक्यातून जात नाही. दर रोझरीनंतर आमच्या घरात पाचारणासाठी एक आमच्या पित्या होते. पण खरं सांगतो, ती प्रार्थना म्हणताना माझ्या मनात कायम दुसऱ्यांची मुलं असतात. शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरात, तसंच फादरसुद्धा शेजारच्या घरात व्हावा. आम्हाला एकच मुलगा. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर बॅकअप नाही.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू म्हणतो की त्याची मेंढरं त्याचा आवाज ओळखतात आणि त्याच्या मागे चालतात. आज जगभर पाचारणासाठी प्रार्थनेचा दिवस आहे, आणि कॅलेंडरने योग असा जुळवलाय की मातृदिनही आजच. म्हणून आज एका आईची आणि तिच्या मुलाची गोष्ट सांगावीशी वाटते. नव्या पोप महोदयांनी ज्यांचं नाव घेतलं त्या लिओ तेराव्यांच्या नंतर गादीवर आलेल्या संत पायस दहावे यांची.

इटलीत व्हेनिसच्या उत्तरेला रियेसे नावाचं खेडं. तिथे २ जून १८३५ रोजी जुझेप्पे सार्तो जन्मला. वडील जोव्हान्नी बातिस्ता गावच्या नगरपालिकेचे शिपाई, टपालही तेच पोचवायचे. आई मार्गारीता सान्सोन शिवणकाम करायची. सार्तो या आडनावाचा अर्थच शिंपी, पण घरात सुई चालवत होती ती सून! दहा मुलं झाली, त्यातलं पहिलं जन्मल्यावर लगेच गेलं. त्यामुळे जुझेप्पे घरातला मोठा.

गावच्या धर्मगुरूंनी त्याची हुशारी हेरली. आधी लॅटिन शिकवलं, मग त्याला कास्तेलफ्रांकोच्या शाळेत पाठवलं. शाळा सुमारे सात किलोमीटर लांब. हा मुलगा चालत जायचा, बूट झिजू नयेत म्हणून ते खांद्यावर टाकून अनवाणी. शाळेच्या जवळ आला की बूट पायात. वसईत माझ्या आजोबांच्या पिढीतले लोक शाळेच्या अशाच गोष्टी सांगतात, म्हणून मला हा भाग परका वाटत नाही.

सेमिनरीचा खर्च घराला झेपणारा नव्हता. व्हेनिसचे पेट्रिआर्क कार्डिनल याकोपो मोनिको हे मूळचे रियेसेचेच, लोहाराचे चिरंजीव. त्यांच्यामुळे पादुआच्या सेमिनरीत शिष्यवृत्ती मिळाली. १८५० साली जुझेप्पे तिकडे गेला, आणि दोनच वर्षांत, १८५२ मध्ये, वडील वारले.

इथे मी दरवेळी थांबतो. घरात कमावता माणूस नाही, पदरात एवढी लेकरं, आणि सतरा वर्षांचा थोरला मुलगा सेमिनरीत. कुठल्याही गावात, रियेसेत काय नि आपल्याकडे काय, चार शहाणी माणसं हेच सांगतील की मुलाला परत बोलाव, बापाची नोकरी धरू दे. आणि तसं सांगण्यात चूक तरी काय? मी तिथे असतो तर मीही तेच सांगितलं असतं. मार्गारीताने मुलाला बोलावलं नाही. शिवणकाम वाढवलं, मुलींना हाताशी घेतलं आणि घर ओढलं. सहा वर्षं. १८ सप्टेंबर १८५८ रोजी कास्तेलफ्रांकोच्या कॅथीड्रलमध्ये त्रेव्हिजोचे बिशप फरिना यांनी जुझेप्पेला गुरुदीक्षा दिली. (हे बिशप फरिनाही पुढे संत झाले, २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिलं.)

पुढची वर्षं भराभर सांगतो. तोंबोलो गावात नऊ वर्षं सहायक धर्मगुरू, सालझानोत आणखी नऊ वर्षं मुख्य धर्मगुरू. १८७३ च्या कॉलऱ्यात रोग्यांच्या घरोघरी फिरणारे फादर सार्तो लोकांनी पाहिले. हातात पैसा टिकत नसे, गरिबाला देऊन टाकायचे, आणि घर सांभाळणाऱ्या बहिणीला चूल कशी पेटवायची हा प्रश्न पडायचा. १८८४ मध्ये मांतुआचे बिशप झाले. तिथली सेमिनरी जवळपास ओस पडली होती. बिशपांनी तिच्यापासूनच सुरुवात केली, स्वतः वर्गात उभे राहून शिकवलं. १८९३ मध्ये व्हेनिसचे पेट्रिआर्क आणि कार्डिनल.

मार्गारीता मात्र रियेसेतच. एक आख्यायिका सांगतात. मुलाने बिशपपदाची अंगठी आईला दाखवली, तेव्हा तिने आपल्या बोटातली लग्नाची झिजलेली अंगठी पुढे केली. ही नसती तर ती कुठून आली असती, असा तिचा रोख. कार्डिनलच्या लाल झग्यातला मुलगा तिने पाहिला आणि २ फेब्रुवारी १८९४ रोजी, प्रभूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणादिवशी, ती गेली. ज्या दिवशी मरियेने आपलं बाळ मंदिरात नेलं तोच हा सण. मला हा योगायोग फार मोठा वाटतो.

लिओ तेरावे २० जुलै १९०३ रोजी वारले. भारतात १८८६ मध्ये धर्मप्रांतांची रीतसर घडी बसवणारे पोप ते हेच, त्यामुळे आपल्यावर त्यांचं ऋण आहे. कार्डिनल सार्तो रोमला निघाले ते परतीचं तिकीट काढून. निवडणुकीत कार्डिनल रामपोल्ला यांच्याविरुद्ध ऑस्ट्रियाच्या सम्राटाने नकाराधिकार वापरला, मोठा गहजब झाला, आणि ४ ऑगस्टला निवड झाली ती सार्तो यांची. ते रडले, विनवण्या केल्या, शेवटी होकार दिला. परतीचं तिकीट वाया गेलं!

आता नव्या पोप महोदयांना आपण कुटुंबांनी आधार कसा द्यायचा, असं सध्या सगळीकडे बोललं जातंय. मला त्याचं उत्तर सार्तोंच्या घरच्यांत सापडतं. अविवाहित बहिणी व्हॅटिकनजवळच्या साध्या घरात राहायला आल्या. पोपच्या बहिणी म्हणून त्यांना सरदारकीची पदवी द्यायची टूम निघाली, पोपनी ती उडवून लावली आणि बहिणींनीही कुरकूर केली नाही. भाऊ आंजेलो मांतुआजवळच्या गावात टपालाचं आणि दुकानाचं काम करायचा. भाऊ पोप झाल्यावरही तो दुकानदारच राहिला. पोपकडे काही न मागणारे नातेवाईक असणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आपण तर ओळखीचे फादर असले की ॲडमिशनची चिठ्ठी मागायला पहिले जातो, मीही गेलोय.

शिकवणीचंही तसंच. १९०५ मध्ये त्यांनी वारंवार, शक्य तर रोज कम्युनियन घ्यायला प्रोत्साहन दिलं आणि १९१० मध्ये साधारण सात वर्षांच्या मुलांनाही पहिला कम्युनियन मिळावा असं ठरवलं. त्याआधी मुलांना दहा-बारा वर्षं, कुठे त्याहूनही जास्त, थांबावं लागे. पण सात वर्षांच्या मुलाची तयारी कोण करणार? त्या आदेशात ती जबाबदारी आईवडिलांवरही टाकली आहे. माझ्या मुलाची तयारी मी कॅटेकिझमच्या टीचरवर सोडून दिली होती, मी शनिवारी गाडीने सोडायचो आणि आणायचो, एवढंच.

२० ऑगस्ट १९१४ रोजी, महायुद्ध पेटलं असताना, पायस दहावे गेले. मृत्युपत्रात गरिबीत जन्मलो, गरीबच जातो असा भाव आहे, आणि बहिणींसाठी थोड्याशा मासिक मदतीची विनंती. १९५४ साली ते संत झाले. रियेसे गावाच्या नावाला आता त्यांचं नाव जोडलेलं आहे.

हे लिहितोय तेव्हा शनिवारची रात्र आहे. आज संध्याकाळी मी मुलाला विचारलं की फादर व्हावंसं का वाटतं. उत्तर फार काही धार्मिक नव्हतं, त्याला घंटा वाजवायला आवडते आणि आमचे फादर त्याच्याशी फुटबॉलवर बोलतात. मी यावेळी इंजिनिअरिंगचं नाव काढलं नाही. उद्या सकाळी पहिल्या मिस्सेला त्याची वेदीवर सेवा आहे. त्याचा पांढरा झगा आईने इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय, आणि गजर मी लावलाय, साडेपाचचा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमचे पोप लिओ यांना बळ दे. पाचारणाची प्रार्थना करताना मला माझ्याच घराचा नंबर आठवू दे, आणि भीती वाटली तर मार्गारीताची आठवण दे. आमेन.