आट्यांना शिस्त लावणारा यंत्रज्ञ

जोसेफ व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट या गावी झाला. वडील शिक्षक व धर्मोपदेशक होते. लहानपणीच आईचे छत्र हरपले. चौदाव्या वर्षी जोसेफ एका नातलगाच्या सूतगिरणीत कामाला लागले. परंतु त्यांचे मन हिशेबांपेक्षा यंत्रांत रमे. अखेर गिरणी सोडून त्यांनी मँचेस्टर गाठले व तेथे साध्या कारागिराचे काम पत्करले. १८२५ साली ते लंडनला गेले आणि हेन्री मॉडस्ले या थोर यंत्रज्ञाच्या कारखान्यात राहून अचूक कामाचे धडे त्यांनी घेतले. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला.

त्या काळी कारागिरांपुढे एक मोठी अडचण होती. धातूत स्क्रू बसवायचा, तर आधी छिद्र पाडावे लागते आणि मग टॅप नावाचे पोलादी हत्यार फिरवून त्याच्या आत आटे पाडावे लागतात. छिद्र फार लहान असेल, तर टॅप अडकून मोडतो; फार मोठे असेल, तर आटे उथळ पडतात व ताण येताच स्क्रू निसटतो. म्हणजे छिद्राचे योग्य माप आट्यांवरून ठरते. पण आटेच जर प्रत्येक कारखान्यात निराळे, तर छिद्राचे माप सर्वांसाठी कसे ठरावे? एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसत नसे. यंत्र बिघडले, तर एका बोल्टपायी काम अडून राही.

व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आपलेच माप खरे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. १८४१ साली त्यांनी आपली योजना अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. तिच्यात आट्याचा कोन सर्वत्र ५५ अंश होता आणि बोल्टच्या जाडीप्रमाणे इंचात किती आटे असावेत, हे ठरलेले होते. अर्धा इंच जाडीच्या बोल्टला दर इंचास १२ आटे. म्हणजे दोन आट्यांतील अंतर १/१२ इंच. अर्ध्या इंचातून ते वजा केले, की ५/१२ इंच उरतो. छिद्र जवळजवळ तेवढेच हवे. जे काम अंदाजाने होत असे, ते आता साध्या वजाबाकीने साधण्याजोगे झाले!

या योजनेची कसोटी क्रिमियाच्या युद्धात लागली. आरमाराला तोफनौकांसाठी तातडीने ९० एंजिने हवी होती. त्यांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत तयार झाले आणि आटे एकाच मापाचे असल्यामुळे ते बिनचूक जुळले.

पुढे व्हिटवर्थ यांना संपत्ती व सन्मान दोन्ही लाभले. परंतु कारागिरीचे दिवस ते विसरले नाहीत. १८६८ मध्ये त्यांनी होतकरू तरुण यंत्रज्ञांसाठी स्वतःच्या पैशातून शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २२ जानेवारी १८८७ रोजी मॉन्टे कार्लो येथे त्यांचे निधन झाले.

आज मेट्रिक मापाचे, ६० अंशांचे आटे अधिक प्रचारात आहेत. तरीही छिद्र पाडण्यापूर्वी कारागीर आट्यांचे माप पाहतो आणि मगच ड्रिल निवडतो. त्याला ते माप विश्वासाने पाहता यावे, यासाठी प्रथम झटणाऱ्यांत व्हिटवर्थ हे अग्रणी होते.