विश्लेषण : ईमेलमधली अक्षरे का मोडतात? उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या तारयंत्रात

फ्रेंच नावाची फाइल ईमेलने पाठवली आणि समोरच्याला अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसली, हा अनुभव अनेकांना येतो. या घोळाचे मूळ ज्या कल्पनेत आहे, ती रुजवली एमिल बोदो यांनी.

कोण होते बोदो?

जन्म ११ सप्टेंबर १८४५, फ्रान्समधील मान्यो गावी, शेतकरी कुटुंबात. शिक्षण फक्त प्राथमिक. १८६९ मध्ये ते तार खात्यात लागले. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठवणारे यंत्र तयार करण्यास खात्याने त्यांना प्रोत्साहन दिले, पण काम करायचे होते स्वतःच्या फावल्या वेळात. १८७४ मध्ये त्यांनी पेटंट घेतले.

त्यांनी नेमके काय केले?

मोर्सच्या संकेतांत अक्षरागणिक लांबी बदलते. बोदो यांनी प्रत्येक अक्षराला पाचच खुणा दिल्या. खूण आहे किंवा नाही, अशा ३२ जुळण्या झाल्या. आकडे आणि चिन्हांसाठी त्याच जुळण्या दुसऱ्यांदा वापरल्या. यंत्राला कळा पाचच. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या.

मग अडचण कुठे?

संकेत म्हणजे अक्षर नव्हे, फक्त क्रमांक. दोन्ही टोकांना तक्ता एकच हवा. बोदो यांच्या तक्त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या फ्रेंच ‘ई’ला जागा होती. त्यांचे स्वतःचे नाव याच अक्षराने सुरू होते. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ तक्ता ठरला. त्यात १२८ जागा होत्या, पण हे अक्षर नव्हते. सुरुवातीचे ईमेल याच तक्त्यावर चालले. मग प्रत्येकाने आपापले वाढीव तक्ते केले आणि गोंधळ वाढला.

उपाय काय?

युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे, देवनागरीलाही. मजकुराची फाइल जतन करताना ‘यूटीएफ-८’ निवडावे. केवळ वाचायला द्यायची असेल, तर फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ पाठवावी. जोडलेली फाइल वाटेत सहसा बिघडत नाही. ती उघडणारे अॅप चुकीचा तक्ता लावते.

शेवट कसा झाला?

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात बोदो यांना सुवर्णपदक मिळाले. प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. १८९० मध्ये लग्नानंतर तीनच महिन्यांत पत्नीचे निधन झाले. २८ मार्च १९०३ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी ते गेले. संकेतांचा वेग मोजणारे ‘बॉड’ हे एकक त्यांच्याच नावाचे. त्यातही पहिले नाव नाही. नेमके तेच आजही चुकीच्या तक्त्यावर मोडते.