जेराल्ड ऑन्जियर आणि मुंबईचा जमीनकरार

मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आंदण मिळाली ती सत्ता. जमिनी आधीच इतरांच्या ताब्यात होत्या. पोर्तुगीज अमदानीत त्या कायम भाडेपट्ट्याने दिल्या जात. पट्टेदाराने वार्षिक 'फोरो' भरावा आणि प्रसंगी लष्करी चाकरी करावी, असा तो व्यवहार होता. वनौषधींवरील ग्रंथामुळे विख्यात असलेला गार्सिया द ओर्ता हा असाच एक पट्टेदार. १६६५ मध्ये बेट हस्तांतरित झाले तेव्हा रहिवाशांच्या मिळकतींना धक्का लागणार नाही, असे आश्वासन देण्यात आले; परंतु जुने पट्टे कोणते आणि सरकारी हक्काची जमीन कोणती, हा वाद लगेच उपस्थित झाला. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने वार्षिक १० पौंड खंडाने बेट ईस्ट इंडिया कंपनीस दिले, तेव्हा हा वादही तिच्या पदरात पडला.

१६६९ मध्ये सर जॉर्ज ऑक्झेंडेनच्या मृत्यूनंतर सुरतेच्या वखारीचे अध्यक्षपद व मुंबईचे गव्हर्नरपद जेराल्ड ऑन्जियर याच्याकडे आले. त्याचा पिंड व्यापाऱ्याचा होता, तरी दृष्टी राज्यकर्त्याची होती. आपला पट्टा उद्या टिकेल की नाही या शंकेने ग्रासलेला माणूस विहीर खोदत नाही आणि माडही लावत नाही, हे त्याने ओळखले. शिवाय बाहेरचे व्यापारी येऊन वसावेत, ही त्याची इच्छा मालमत्तेच्या निर्धास्तपणावाचून सिद्ध होणारी नव्हती.

१६७२ मध्ये त्याने भूधारकांशी बोलणी करून करार ठरविला. १६७४ मध्ये तो पक्का झाला. रहिवाशांनी मिळून दरसाल २०,००० झेराफिन भरावेत, आणि त्या बदल्यात कंपनीने त्यांच्या जमिनींवरील आपले दावे सोडावेत, हा त्याचा गाभा. या रकमेतील भूधारकाच्या वाट्याला 'पेन्शन' हे पोर्तुगीज वळणाचे नाव रूढ झाले.

करार शहाणपणाचा होता, यात शंका नाही. चौकशीच्या जंजाळात न शिरता ऑन्जियरने वादच विकत घेऊन मिटविला. पण त्यात रक्कम ठरली, हक्काचे स्वरूप ठरले नाही. पेन्शन देणारा मालक की कुळ, याचे निःसंदिग्ध उत्तर त्यात नव्हते. आणि बोलणी झाली ती भूधारकांशी. भातखाचरांत प्रत्यक्ष राबणाऱ्या कुणब्याचा आवाज त्यात कोठेही उमटत नाही. ही उणीव मोठी आहे. कराराच्या गौरवाच्या भरात तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

त्याच सुमारास त्याने पोर्तुगीज कायदा रद्द करून न्यायालय स्थापिले, डच आरमाराच्या धमकीस तोंड दिले आणि १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेनला रायगडी राज्याभिषेकास पाठविले. ३० जून १६७७ रोजी सुरतेस त्याचा अंत झाला.

कराराने सोडलेला प्रश्न मात्र मागे राहिला. १८१४ मध्ये फ्रान्सिस वॉर्डनला मुंबईच्या भूमिधारणेवर सविस्तर अहवाल लिहावा लागला. खाडीच्या पाण्यातून लागवडीस आणलेल्या 'फोरास' जमिनींवर कसणारा हक्क सांगे, तर सरकार त्याला मर्जीचे कूळ मानी. तो तंटा १८५१ च्या फोरास कायद्याने मिटला, आणि त्यांपैकी निर्दिष्ट जमिनींवरील सरकारचा हक्क ठरलेल्या फोरासापुरताच उरला.