वाटाण्याचे वेल आणि ग्रेगोर मेंडेल

त्या काळच्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात १८२२ साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी योहान मेंडेल यांचा जन्म झाला. बारामती-इंदापूरकडील शेतकऱ्यांची मुले शाळा सुटताच जशी वडिलांच्या मदतीला मळ्यात जातात, तसा योहानही वडिलांबरोबर बागेत झाडांवर कलमे बांधण्यास शिकला. पुढे ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. घरात पैशाची चणचण निर्माण झाली. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने स्वतःच्या हुंड्यातील वाटा देऊन भावाचे शिक्षण चालू ठेवले.

१८४३ साली मेंडेल ब्रनो येथील मठात दाखल झाले व त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. त्यांना शिक्षक व्हावयाचे होते. परंतु १८५० साली शिक्षकाच्या परीक्षेत ते नापास झाले. मठाधिपतींनी त्यांना व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठविले. तेथे शिकलेले गणित व वनस्पतिशास्त्र त्यांना जन्मभर उपयोगी पडले.

आईबापांचे गुण संततीत कसे उतरतात, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी वाटाणा निवडला. वाटाण्याचा वेल एकाच हंगामात उगवतो, फुलतो, फळतो आणि वाळून जातो. त्याचे फूल मिटलेले असतानाच स्वतःच्या परागाने फळते. त्यामुळे परक्या परागाची भेसळ सहसा होत नाही. मेंडेल यांनी निरनिराळ्या जातींचे बी जमवून ते शुद्ध आहे की नाही, हे दोन वर्षे पारखले. मग १८५६ साली मठाच्या लहानशा बागेत त्यांनी आपल्या प्रयोगांना आरंभ केला. वेलांना काठ्या, फांद्या व ताणलेल्या दोऱ्या यांचा आधार दिला. कळी उमलण्यापूर्वी अलगद उघडावी, चिमट्याने पुंकेसर काढावेत, दुसऱ्या वेलाचा पराग लावावा आणि फुलावर पिशवी बांधावी, असा त्यांचा क्रम असे.

उंच व ठेंगण्या वेलांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सारे वेल उंच निघाले. ठेंगणेपणा जणू नाहीसाच झाला! मेंडेल यांनी त्यांचे बी पुन्हा पेरले. या वेळी १,०६४ वेलांपैकी ७८७ उंच व २७७ ठेंगणे भरले. म्हणजे तीन उंचांमागे सुमारे एक ठेंगणा. लपलेला गुण नष्ट झालेला नव्हता. प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेला, हे त्यांनी ताडले. आठ वर्षांत त्यांनी सुमारे २८,००० रोपे तपासली.

१८६५ साली ब्रनोच्या विज्ञानमंडळापुढे त्यांनी हे संशोधन वाचून दाखविले; पुढील वर्षी ते छापूनही आले. परंतु त्याचे महत्त्व जवळजवळ कोणालाच उमगले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले व त्यांचा वेळ कारभारात जाऊ लागला. मात्र तेरेझियाचे उपकार ते विसरले नाहीत. तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. १८८४ साली त्यांचा अंत झाला. पुढे १९०० साली द व्ह्रीस, कोरेन्स व चेर्माक या तिघा शास्त्रज्ञांच्या लेखांतून तेच नियम पुन्हा जगापुढे आले आणि त्या विस्मृत निबंधाला मान मिळाला.

आज बारामती-इंदापूरचा शेतकरी संकरित मक्याचे बी दरवर्षी नवे विकत आणतो. घरच्या कणसांतील दाणे राखून पेरले, तर ताटे एकसारखी येत नाहीत. लपलेले गुण पुन्हा डोके वर काढतात. त्याचे कारण मेंडेल यांच्या वाटाण्याच्या वाफ्यात सापडते. परीक्षेत अपयश आले, हयातीत कीर्ती लाभली नाही. तरी हातातील काम त्यांनी नेटाने पुरे केले. त्या कष्टांचे फळ आज सारे जग चाखीत आहे.