काचेतला समुद्र

(समुद्रातील जीव घरातील टाकीत कसे जगवावेत, हे सामान्य लोकांना शिकवणाऱ्या फिलिप हेन्री गॉस या इंग्लंडमधील निसर्ग-अभ्यासकाचा परिचय या पाठात करून दिला आहे.)

मुलांनो, काचेच्या टाकीत पोहणारे मासे तुम्ही पाहिलेच असतील. बहुतेक टाक्यांत गोडे पाणी असते. पण काही टाक्यांत समुद्रासारखे खारे पाणी असते. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे असतात, तारामासे असतात, फुलांसारखे दिसणारे प्राणीही असतात. समुद्रातला जीव समुद्रापासून दूर, एवढ्याशा पाण्यात कसा जगतो, असा प्रश्न तुम्हांला पडत असेल. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आणि ते लोकांना सोप्या भाषेत समजावून देण्यात ज्यांनी आपली अनेक वर्षे घालवली, त्या फिलिप हेन्री गॉस यांची ही गोष्ट आहे.

फिलिपचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर या गावी झाला. त्याचे वडील लहान आकाराची चित्रे काढत आणि कामासाठी गावोगाव फिरत. घरची परिस्थिती बेताचीच होती. फिलिपचे बालपण पूल नावाच्या बंदरात गेले. ओहोटीच्या वेळी पाणी मागे हटले, की तो किनाऱ्यावर जाई आणि खेकडे, शिंपले, समुद्रफुले निरखत बसे. तुम्हांला वाटेल, समुद्रफूल म्हणजे एखादी वनस्पती असेल. पण तो एक प्राणी आहे. खडकाला चिकटून राहायचे, पाकळ्यांसारखे हात पसरायचे आणि जवळ आलेले भक्ष्य पकडायचे, असे त्याचे जगणे असते. फिलिपच्या आत्याला प्राणी-वनस्पतींची चांगली माहिती होती. समुद्रफुले समुद्राच्या पाण्यात घालून घरी ठेवून पाहा, असे तिने त्याला सुचवले. फिलिपने तसे केले. त्याला निसर्ग-अभ्यासाचा छंद जडला, तो असा.

पण छंदावर पोट भरत नाही. पंधराव्या वर्षी फिलिप एका व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून झाला. १८२७ साली, म्हणजे सतराव्या वर्षी, तो जहाजाने अटलांटिक महासागर ओलांडून न्यू फाउंडलंड बेटावर गेला. तेथेही त्याला हिशेब लिहिण्याचेच काम होते. मात्र फावल्या वेळात तो कीटक गोळा करी आणि त्यांची चित्रे काढी. वडिलांची चित्रकला त्याच्या हाती उतरली होती. पुढे त्याने कॅनडात तीन वर्षे शेती केली, पण तिच्यात जम बसला नाही. मग तो अमेरिकेतील अलाबामा राज्यात शिक्षक झाला. तेथे गुलामांवर होणारा जुलूम पाहून त्याला फार दुःख झाले. १८३९ साली तो इंग्लंडला परतला. तेव्हा त्याच्याजवळ पैसा नव्हता. होत्या त्या निरीक्षणांच्या वह्या. त्याच वह्यांच्या आधारे त्याने पुस्तके लिहिण्यास सुरुवात केली आणि काही वर्षांत फिलिप हेन्री गॉस हे नाव वाचकांना परिचयाचे झाले.

१८४८ साली गॉस यांचा विवाह एमिली बोज यांच्याशी झाला. पुढच्या वर्षी एडमंड हा मुलगा जन्मला. गॉस दिवसरात्र लिहीत, चित्रे काढत आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत. अति श्रमाने त्यांची प्रकृती बिघडली. म्हणून १८५२ च्या जानेवारीत पत्नीला आणि लहानग्या एडमंडला घेऊन ते डेव्हन भागातील समुद्रकिनाऱ्यावर राहायला गेले. विश्रांतीसाठी गेलेला हा माणूस स्वस्थ बसला मात्र नाही. हातात हातोडी, छिन्नी आणि बरण्या घेऊन ते रोज खडकांवर हिंडू लागले.

आता गॉस यांच्यापुढची अडचण समजून घ्या. समुद्रातले प्राणी बरणीत ठेवले, की थोड्याच दिवसांत मरत. याचे कारण काय? प्राणी पाण्यातला प्राणवायू घेतात आणि पाण्यात घाण सोडतात. समुद्र अफाट आहे, त्याचे पाणी लाटांनी सतत घुसळले जाते. बरणीतले पाणी मात्र लवकरच खराब होते. अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी १८४६ साली काही प्रवाळ समुद्रावरून लंडनला नेले होते. ते जगावेत म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण रोज खिडकीजवळ उभी राहून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. पाण्यात हवा मिसळावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे त्यांनी भांड्यात समुद्रातील शैवालही ठेवले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानेही त्याच सुमारास प्रयोग केले. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात. म्हणून प्राणी आणि वनस्पती योग्य प्रमाणात एकत्र ठेवल्यास पाणी पुष्कळ दिवस चांगले राहते, असे त्याने दाखवून दिले.

गॉस यांनी हीच वाट धरली. शैवालाला आपल्या झाडांसारखी मुळे नसतात. ते खडकाला घट्ट चिकटलेले असते. ओढून काढले तर ते मरते. म्हणून गॉस छिन्नीने खडकाचा लहानसा तुकडा शैवालासकट काढत. हिरवे शैवाल टाकीत चांगले टिकते आणि तपकिरी शैवालाने पाणी बिघडते, हे त्यांनी पाहिले. काचेवर हिरवा थर चढू लागला, की तो खाण्यासाठी ते समुद्री गोगलगाई सोडत. एखादा प्राणी मेला, तर तो लगेच बाहेर काढत. कारण एका मेलेल्या जीवामुळे सगळी टाकी नासते. टाकीला उजेड हवा, पण कडक ऊन नको, हेही ते अनुभवाने शिकले.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जलचरांसाठी एक खास दालन उघडले. लोकांसाठी उघडलेले जगातले हे पहिले मत्स्यालय होय. तेथे ठेवण्यासाठी गॉस यांनी समुद्रातील अनेक प्राणी पुरवले होते. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. त्यातली रंगीत चित्रे त्यांनी स्वतः काढली होती. अ‍ॅक्वेरियम हा शब्द आज आपण सहज वापरतो. तो लोकांच्या तोंडी बसला, तो मुख्यतः गॉस यांच्यामुळे. १८५५ साली त्यांनी नवशिक्यांसाठी एक छोटे मार्गदर्शक पुस्तकही लिहिले.

पण जे लोक समुद्रापासून दूर राहत, त्यांनी खारे पाणी कोठून आणावे? गॉस यांनी त्यावरही उपाय शोधला. समुद्राच्या पाण्यात कोणते क्षार किती असतात, हे रसायनशास्त्रज्ञांनी तपासलेले होते. त्या आधारे गॉस यांनी साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड हे चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवले. त्या पाण्यात त्यांनी आधी फक्त शैवाल ठेवले. काही दिवस वाट पाहिली. मगच प्राणी सोडले. ते प्राणी जगले!

ही वाट पाहणे किती महत्त्वाचे होते, ते आज आपल्याला अधिक चांगले कळते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. दगडांवर आणि वाळूत राहणारे सूक्ष्म जीवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवतात. नायट्रेट बरेच कमी अपायकारक असते. हे जीवाणू विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. तोवर गॉस हयात नव्हते. नव्या टाकीत या जीवाणूंची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवशिके लोक येथेच चुकतात. ते आज टाकी आणतात, उद्या मासे सोडतात आणि आठवड्याभरात मासे मेले म्हणून हळहळतात.

उद्या तुमच्या घरी अशी टाकी आणायचे ठरले, तर आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. टाकी फार लहान नसावी. लहान टाकीतले पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतही तेवढेच हवेत. नुसते स्वयंपाकाचे मीठ घालून भागत नाही, त्यासाठी तयार क्षारमिश्रण मिळते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी काढावा लागतो. टाकीतले पाणी उडून कमी झाले, तर तेथे गोडे पाणीच घालावे; कारण पाणी उडते, पण क्षार मागे राहतात. पाणी फिरते राहावे म्हणून आता विजेचे पंप असतात. दर एक-दोन आठवड्यांनी थोडे पाणी काढून नवे खारे पाणी घालावे. मासे थोडे ठेवावेत आणि खाणे बेताने द्यावे.

गॉस यांच्या पुस्तकांचा परिणाम फार मोठा झाला. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त होती. आगगाडीने किनाऱ्यावर जाणेही सोपे झाले होते. लोकांना टाक्यांचे जणू वेडच लागले. घराघरांतल्या दिवाणखान्यात समुद्रफुले दिसू लागली. लंडनमध्ये समुद्राचे पाणी आणि समुद्रातले प्राणी विकणारी दुकानेही निघाली.

मात्र या वेडाची दुसरी बाजू दुःखद होती. माणसांच्या झुंडी टोपल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर येऊ लागल्या. खडकांतल्या डबक्यांतले जीव त्यांनी ओरबाडून नेले. त्यांतले बहुतेक जीव निष्काळजीपणामुळे टाकीत मरत. मग लोक पुन्हा किनाऱ्यावर येत. हजारो वर्षे भरलेली ती डबकी काही वर्षांतच ओस पडली.

गॉस यांच्यावर याच काळात मोठा आघात झाला. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली यांचे कर्करोगाने निधन झाले. त्या वर्षी गॉस आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहायला गेले. बापलेक मिळून खडकांवर जात, गुडघाभर पाण्यात उभे राहून समुद्रफुले शोधत. गॉस यांनी ब्रिटनमधील समुद्रफुले आणि प्रवाळ यांवरचा आपला मोठा ग्रंथ १८६० साली पूर्ण केला. पुढे एडमंड नामवंत लेखक झाला. १९०७ साली त्याने वडिलांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. आपल्या पुस्तकांमुळे लोक किनाऱ्यावर आले आणि किनारा लुटला गेला, याची वडिलांना पूर्ण जाणीव होती आणि त्याचे त्यांना अतिशय वाईट वाटे, असे त्याने त्यात सांगितले आहे.

गॉस यांचा हेतू चांगला होता. लोकांनी समुद्रातले जीव पाहावेत, त्यांच्यावर प्रेम करावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पण जीव जगवायला जो धीर आणि जी काळजी लागते, ती पुस्तक विकत घेणाऱ्या प्रत्येकाजवळ नव्हती. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गॉस यांचे निधन झाले. शेवटपर्यंत त्यांचा अभ्यास चालूच होता.

मुलांनो, आज आपण एक चूक टाळू शकतो. आपल्या देशात प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. ते पकडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. नारिंगी पट्ट्यांचे क्लाउन मासे टाकीतच अंडी घालतात. भारतातील शास्त्रज्ञांनीही त्यांची पैदास करून दाखवली आहे. अशी टाकीत जन्मलेली पिले विकत घेतली, तर समुद्रातून मासे पकडावे लागत नाहीत. आणि तुम्ही कधी अलिबागला, रत्नागिरीला किंवा मुंबईच्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गेलात, तर डबक्याजवळ जरूर बसा. मन भरेपर्यंत पाहा. उचललेला दगड पुन्हा होता तसा ठेवा आणि तेथले जीव तेथेच राहू द्या.

शब्दार्थ
निरखणे – बारकाईने पाहणे
पेढी – व्यापाऱ्याची कचेरी
सूक्ष्मदर्शक – अतिशय लहान वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र
प्रवाळ – पोवळे, समुद्रातील एक प्राणी
क्षार – मिठासारखे पदार्थ
ओरबाडणे – जोराने खेचून काढणे
ओस पडणे – रिकामे होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फिलिपचे बालपण कोठे गेले?
(आ) जगातले पहिले मत्स्यालय कोठे आणि केव्हा उघडले?
(इ) टाकीतले पाणी उडून कमी झाल्यास गोडे पाणीच का घालावे?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बरणीत ठेवलेले समुद्रातले प्राणी लवकर का मरत?
(आ) नव्या टाकीत लगेच मासे का सोडू नयेत?
(इ) गॉस यांना कोणत्या गोष्टीचे वाईट वाटे?
३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
छंद जडणे, जम बसणे, वेड लागणे, ओस पडणे.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
भरती, गोडे, स्वस्त, उजेड.
५. उपक्रम : खारे किंवा गोडे पाणी असलेली एखादी टाकी पाहा. तिची काळजी कशी घेतात, ते मालकाला विचारून पाच वाक्ये लिहा.