ग्रेच्या पुस्तकामागचा हात

हाताचे चित्र काढून पाहिले आहे कधी? डोंगर, घर, नारळाचे झाड सहज जमते. हात काढायला घेतला की केळ्यांचा घड होतो. वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी आमच्या जर्नलमध्येही असेच घड उगवत. ते सुधारायला समोर ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ उघडे असे. त्यातली मूळ चित्रे ग्रे यांची नव्हेत, हे मात्र फार उशिरा कळले. ती काढली डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी. आणि याच कार्टर यांची पुढची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली.

कार्टर यांचा जन्म १८३१ चा, इंग्लंडमधल्या हल गावचा. वडील जलरंगात चित्रे काढणारे कलावंत. मुलगा मात्र लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये वैद्यकी शिकला. नंतर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या शरीररचनेचा अभ्यास करताना त्यांची पेन्सिल आणि नजर, दोन्ही तयार झाल्या.

सेंट जॉर्जेसमधले हेन्री ग्रे यांना विद्यार्थ्यांसाठी नवे पुस्तक करायचे होते. सुमारे दीड वर्ष दोघांनी विच्छेदने केली. मजकूर ग्रे यांचा, चित्रे कार्टर यांची, एकूण ३६३. चित्र लाकडी ठोकळ्यावर उलटे काढावे लागे, तेव्हा छपाईत ते सुलटे येई. कार्टर यांनी आणखी एक सोय केली. स्नायूचे नाव स्नायूवरच आणि मज्जातंतूचे नाव त्याच्या कडेनेच लिहिले. विद्यार्थ्याची नजर हातावरून हलायला नको!

१८५८ मध्ये पुस्तक निघाले, तेव्हा कार्टर मुंबईत पोहोचलेही होते. त्यांना एकरकमी १५० पौंड मिळाले. पुढच्या विक्रीतला वाटा ग्रे यांचा. मुखपृष्ठाआतल्या पानावर कार्टर यांचे नाव लहान टाइपात गेले, तेही ग्रे यांच्याच सांगण्यावरून. जगभर पुस्तक ओळखले गेले ते एकाच नावाने.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना शिकवू लागले. इथे त्यांना वेगळाच हात दिसला. करंगळी आणि शेजारचे बोट आत वळलेले, स्नायू झडलेले, भाजले तरी न कळणारा. कुष्ठरोग्याचा हात. कार्टर यांनी अशा रुग्णांच्या मज्जातंतूंचा बारकाईने अभ्यास केला. निरोगी मज्जातंतू ज्याने रेषारेषेने काढला, त्याच्या नजरेतून सुजलेला मज्जातंतू सुटणे अवघडच. पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन असतानाही त्यांचे संशोधन चालू राहिले. १८७३ मध्ये ते नॉर्वेला जाऊन हॅन्सन यांना भेटले. कुष्ठरोगाचे जंतू शोधणारे तेच. १८७४ मध्ये कार्टर यांची कुष्ठरोगावरची आणि पावलाच्या बुरशीजन्य रोगावरची सचित्र पुस्तके आली. १८७७ मध्ये ते ग्रँट कॉलेजचे प्राचार्य झाले. १८८८ मध्ये मायदेशी परतले आणि १८९७ मध्ये क्षयाने वारले.

आमचे इंटर्न आता रुग्णाच्या हाताचा मोबाइलवर फोटो काढतात. मी त्यांना एक कागद देतो आणि तोच हात काढायला सांगतो. चित्रे वाईटच येतात. पण अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पडलेला खळगा काढताना त्यांना प्रथमच दिसतो. फोटोत तो असतोच, फक्त त्यांनी पाहिलेला नसतो.

तुम्हीही आज स्वतःचा हात काढून पाहा. अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल किंवा करंगळीतली ताकद कमी वाटत असेल, तर लाज न बाळगता सरकारी दवाखान्यात या. कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते, रोग पूर्ण बरा होतो. वेळेवर आलात तर बोटे वाकडी होण्याआधीच सावरता येतात.