श्रद्धेला सत्तर इंच कमी

सर फ्लिंडर्स पेट्री हे इजिप्तच्या पुरातत्त्वशास्त्रातले मोठे नाव. पण ते तिथे पहिल्यांदा गेले ते वडिलांचा विश्वास मोजून पाहायला!

गीझाचा मोठा पिरॅमिड ईश्वरी प्रेरणेने उभा राहिला, त्याच्या आतल्या मार्गातला एक इंच म्हणजे एक वर्ष, बायबलमधली भाकिते त्या दगडांत दडली आहेत, असे स्कॉटलंडचे राज-खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ सांगत. पेट्रींचे वडील विल्यम या मताने भारावलेले. पितापुत्रांनी मिळून जायचे ठरले. वडिलांचे निघणे मात्र लांबतच गेले. अखेर १८८० साली सत्तावीस वर्षांचे पेट्री एकटेच गेले. एका प्राचीन थडग्यात बिऱ्हाड थाटून त्यांनी दोन हिवाळे मोजणी केली.

वर्षाच्या दिवसांशी मेळ बसायला पायाची बाजू सुमारे ९,१४० इंच हवी होती. भरली ९,०६९!

घरच्या श्रद्धेपोटी आकडे वाकवणे अवघड नव्हते. पेट्रींनी ते १८८३ साली जसेच्या तसे छापले. पुढे त्यांनी इजिप्त आणि पॅलेस्टाईनमध्ये आयुष्यभर उत्खनन केले. १९४२ साली त्यांनी डोळे मिटले, तेही बायबलच्याच जेरुसलेममध्ये.